डाव्या हाताचे चरे

हिशेबच मांडायचा, तर द्वोमोला या कामात मिळण्यासारखं फार नव्हतं. सहा काचांचे सहाशे सेदी. त्यातले निम्मे काच घासायची गुलाबी पावडर आणि भाड्याचा जनरेटर खाणार. शिवाय गिऱ्हाईक बाई, म्हणजे घासाघीस आलीच. पण कागदावरच्या रकमेखाली माणूस मनातल्या मनात आणखी एक रक्कम मांडत असतो आणि ती बायकोलाही दाखवत नाही. द्वोमोची ती रक्कम मोठी होती. या मुलीची गाडी तिच्याकडे राहिली, तर तेवीस वर्षांपूर्वी आपण जे गिळलं ते थोडंफार बाहेर पडेल, असा त्याचा अंदाज होता. सहा काचा घासून एवढं फिटत असेल तर सौदा स्वस्त होता. स्वस्त सौद्याला द्वोमो कधी नाही म्हणत नसे.

गाडी आली तेव्हा त्याने मुलीकडे पाहिलंच नव्हतं. माणसांच्या तोंडाकडे आधी पाहायचं नाही, ही त्याची जुनी सवय. तोंडं पुसलेली असतात, काचा नसतात. जानेवारीतली बुधवारची सकाळ होती. उत्तरेचा कोरडा वारा पंधरा दिवस कुमासी शहरावर पिठासारखी धूळ टाकत होता, आणि स्वामेच्या गॅरेजवस्तीत ती धूळ जळक्या टायरच्या धुरात कालवली जाऊन प्रत्येक गोष्टीवर एक तेलकट साय धरत होती. पलीकडच्या नाल्याकाठी खाटीक टायर पेटवून बोकडांची कातडी भाजत होते. केस जळल्याचा तो वास द्वोमोच्या टपरीत शिरून, काच घासायच्या नमद्याच्या चकत्यांत मुरून, त्याच्या जेवणापर्यंत पोचायचा. वास आता येत नाही असं तो सांगत असे. खरं तर येत होता, रोज नव्याने येत होता. मुलीने गाडी टपरीच्या तोंडाशी उभी केली, कोवळं ऊन मागच्या काचेवर तिरपं पडलं आणि ती काच एकदम जागी झाली. हजारो बारीक चरे, भोवऱ्यांत भोवरे, सूर्याच्या ठिपक्याभोवती कोळ्याने जाळं विणल्यासारखे. त्या जाळ्यामागे, काढून टाकलेल्या अक्षरांची फिकट भुतं होती, टॅक्सीवाले मागच्या काचेवर लिहून घेतात तसली: 'आईमुळे'. द्वोमोला किळस आली. उघड्या गळवाकडे बघितल्यावर येते तशी. गेली पंचवीस वर्षं त्याचं पोट अशाच गोष्टींवर भरत होतं, तरी किळस यायची थांबली नव्हती.

"टॅक्सी," तो म्हणाला.

"घरची गाडी आहे, मास्टर," मुलगी म्हणाली. "माझ्या बाबांची."

"मग बाबांनी ती टॅक्सी म्हणून चालवली."

तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं. तिशीच्या अलीकडची, काळं लुगडं, केस अगदी बारीक कापलेले, म्हणजे सुतक ताजं. दोन्ही मनगटांवर भाजल्याचे डाग. भट्टीवाली, त्याने मनात नोंद केली.

कसं ओळखलं, हे तिने विचारलं नाही, पण त्याने सांगितलं. हे सांगण्यात त्याला अजून थोडी गोडी वाटायची. घरची गाडी माणूस रविवारी पाणी ओतून धुतो. भाड्याची गाडी स्टँडवर दोन फेऱ्यांच्या मध्ये कोरड्या फडक्याने झटकतात. आज एक जण, उद्या दुसरा. फडकं तेच, काल ज्याने टायर पुसला ते. धूळ म्हणजे वाळूच. वाळू काचेवर कोरडी फिरवली की ती लिहीत जाते, आणि इतक्या वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं वाचायला द्वोमोला चष्मा लागत नसे. अंगठ्याचं नख त्याने त्यासाठीच वाढवलं होतं. ते नख तो चऱ्यावर आडवं ओढायचा: अडकलं तर चरा खोल, तो निघायचा नाही, घसरलं तर निघेल. इथे नख सगळीकडे घसरत होतं. "निघेल सगळं," तो म्हणाला, आणि नखात साचलेला काळा मळ पाहून त्याने हात पँटला पुसला.

मग मुलीने हकीकत सांगितली. नाव तिने सांगितलं अफ्राकोमा. आई लहानपणीच गेलेली. बाप कापडाच्या वखारीत कारकून होता. निवृत्त झाल्यावर त्याने ही गाडी घेतली आणि पिवळा रंग न लावता, गावाकडच्या लोकांना न कळवता, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या स्टँडवर लावली. सगळ्यांना सांगायचा, गाडी घरची आहे. ऑक्टोबरात तो गेला. राहतं घर त्याच्या आईकडच्या कुळाचं, ते महिनाअखेरीस सोडायचं होतं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. राहिली गाडी. वकिलाने तिला बजावलं होतं, घरच्या वापरातली असेल तर ती पोरीची. धंद्याची असेल तर कूळ तीत हात घालणार, आणि कुळाने एकदा हात घातला की तुझ्या वाट्याला फक्त आरसा येईल. बापाचा भाचा अकेंतेन, म्हणजे कुळाच्या रीतीने त्याचा वारस, स्वतःच्या तीन टॅक्सी असलेला, याच गाडीवर डोळा ठेवून होता. स्टँडवरचे लोक मेलेल्या माणसाच्या विरुद्ध तोंड उघडणार नव्हते, एवढी माणुसकी त्यांच्यात होती. म्हणून शनिवारी कुळाचे वडीलधारे येऊन गाडी डोळ्यांनी बघणार होते. अफ्राकोमाची पावाची भट्टी होती. पहाटे चारला निघालेले पाव उजाडायच्या आत हमरस्त्यावरच्या विक्रेत्या बायकांपर्यंत पोचले तर विकले जात. नाहीतर तेच पाव दुपारी शेळ्यांना. गाडी गेली की भट्टी गेली.

म्हणजे हिलाही ती धंद्यालाच लावायची आहे, हे द्वोमोच्या लक्षात आलं आणि त्याला जरा बरं वाटलं. धुतल्या तांदळासारख्या माणसांची त्याला शिसारी होती. त्याने तीनशे आगाऊ घेतले.

काम कंटाळवाणं, आणि किळसवाणं. पावडर पाण्यात कालवून लगदा करायचा. ना पातळ, ना घट्ट. गुलाबटसर फिकट तपकिरी, कडेने वाळत जाणारा. बाजरीच्या आंबट पेजेसारखा दिसायचा तो. तेवीस वर्षं द्वोमोने सकाळची पेज तोंडाला लावली नव्हती. बायको म्हणायची, पोटाला चांगली असते. तो म्हणायचा, पित्त होतं. चऱ्यांची हद्द आतून मेणाच्या खडूने आखायची, कारण एकदा लगदा चढला की चरा कुठे होता ते दिसत नाही. मग मशीनला नमद्याची चकती लावायची आणि न दाबता, न थांबता, एका जागी जास्त न रेंगाळता फिरवायची. रेंगाळलात की काच तापते, तापली की एका टिचकीत जाते. मामाने हे त्याला शिकवलं तेव्हा तो अठराचा होता. मामाच्या टपरीत लगदा कालवायचं काम मामाची मुलगी पोकुआ करायची, आठ-नऊ वर्षांची, कोपरापर्यंत हात गुलाबी. आणि मामी भिंतीशी बसून नमद्याच्या चकत्या शिवायची. मशीन मामीच्या पैशांनी आलं होतं. पेटीतली चार उंची कापडं, तिच्या आईची, विकून. द्वोमोने ती विकताना पाहिली होती. बाजारापर्यंत गाठोडं त्यानेच तर डोक्यावरून नेलं होतं. मामा गेल्यावर वडीलधारे जमले, त्यांनी जमिनीवर दारूची धार सोडली, पितरांना हाका मारल्या, आणि मग त्याला विचारलं: बाळ, तू तिथे होतास, या टपरीत बाईचं काही आहे का? द्वोमोने जमिनीकडे पाहिलं. जमिनीवर दारूचा ओला डाग होता, त्यावर मुंगी चढली होती. मला माहीत नाही, तो म्हणाला. एवढंच. खोटंही धड नाही. पोकुआच्या हातात लगद्याची वाटी होती. ती कुणाला द्यावी हे न कळून तिने ती त्यालाच दिली, आणि त्याने ती घेतली. त्या वाटीतला लगदा त्याने दुसऱ्या दिवशी वापरला, वाया कशाला घालवायचा म्हणून. किल्ली, मशीन, टपरी, गिऱ्हाइकं, सगळं रीतीप्रमाणे भाच्याचं झालं. त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. नावं ठेवली असती तर निदान भांडता आलं असतं.

अफ्राकोमा दोन्ही दिवस टपरीतच बसून राहिली. तिला विश्वास नव्हता, आणि तो नसणं द्वोमोला रास्त वाटलं. मध्येच ती उठून गाडीत बसायची, मागच्या सीटवर, कामात काही मदत नाही, नुसती बसायची. तो बाहेरून चकती फिरवायचा. काचेवर तपकिरी साय पसरत तिचा चेहरा झाकून टाकायची. मग तो पाणी मारून पुसायचा आणि चेहरा परत यायचा, दर वेळी आधीपेक्षा स्वच्छ, कातडीवरची भोकं दिसतील इतका. हे त्याला सोसेना. माणसाला इतकं स्वच्छ बघायची सवय नसते. तिच्या वरच्या ओठावर घाम, नाकपुडीत धुळीची काळी रेघ. आणि ती त्याच्याकडे बघायची, काचेकडे नव्हे. लगदा पुन्हा थापला की तो सुटकेचा श्वास टाकायचा. पोकुआ आता अशीच असेल, याच वयाच्या पुढेमागे. कुठे असेल त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायचं त्याने कटाक्षाने टाळलं होतं, आणि इतक्या वर्षांचं टाळणं हेही एक कामच असतं, त्याचेही हात दुखतात.

बाहेरच्या काचा गुरुवारी दुपारपर्यंत झाल्या. मागची अक्षरं गेली, स्टँडच्या बिल्ल्याचा डाग गेला. मग तो आतून काचा बघायला मागच्या सीटवर शिरला. आत माणसांचा वास कोंडला होता: केसांचं तेल, ओले पैसे, उलटी पुसून राहिलेला आंबूसपणा. काचेच्या आतल्या बाजूला डोकी टेकून टेकून तेलाची मंडलं झाली होती, कुणाच्या तरी शिंकेचे ठिपके वाळले होते. त्याने श्वास धरून ते पुसलं. त्याखाली चरे होते, पण वेगळे. विरळ, शांत, एकाच हाताचे. स्टँडवरची पोरं आतून पुसायच्या फंदात पडत नाहीत. हे मालकाने पुसलेलं होतं, वर्षानुवर्षं, एकाच फडक्याने, घाई न करता. आणि कमानी उलट्या होत्या. उजव्या हाताने पुसणाऱ्याच्या कमानीचं मूळ खालच्या उजव्या कोपऱ्याशी असतं, जिथे त्याचं कोपर असतं. इथे दोन्ही दारांच्या काचांवर, अलीकडच्याही आणि पलीकडच्याही, मूळ डाव्या कोपऱ्यात होतं.

"डावखुरा," तो नकळत बोलून गेला.

अफ्राकोमाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, जणू कुणी ऐकलं की काय. मग तिने खालच्या आवाजात सांगितलं. बाबा चारचौघांत सगळं उजव्या हाताने करत: पैसे देणं, जेवणं, नमस्कार करणं, स्टँडवर हात हलवणंसुद्धा. लहानपणी त्यांचा डावा हात बांधून ठेवायचे, बोटांना मिरची चोळायचे, थोरला भाऊ दोम्फे पुढे असायचा त्यात. पण रविवारी पहाटे, फाटक लावून, ते गाडी पुसायचे ते डाव्या हाताने. तेवढा एक तास. ती खिडकीतून बघायची. एकदा त्यांनी तिला बघताना पाहिलं आणि हात मागे लपवला, पोरासारखा. तेव्हापासून ती झोपेचं सोंग घ्यायची.

द्वोमोला ऐकताना किळस आली, आणि ती किळस त्याची स्वतःची नव्हती, त्याला दिलेली होती. शौचाचा हात, कुणी तो पुढे केला की आपोआप मान फिरते तशी. पण मान फिरली तरी डोळे त्या कमानींवरच राहिले. काय हलका हात होता त्या माणसाचा. पंचवीस वर्षांत त्याने इतकी अदबशीर रेघ पाहिली नव्हती. मग त्याने तिथे चकती लावली आणि ती काढून टाकली. का, हे त्याला नंतरही धड सांगता आलं नाही. सहा काचांचं काम घेतलं होतं, आतून बाहेरून; हात चालू होता, लगदा उरला होता. कसबी माणसाला अर्धं सोडवत नाही. वीस मिनिटांत दोन्ही काचा कोऱ्या झाल्या. अफ्राकोमा तेव्हा पाणी आणायला गेली होती.

ती परत आली, गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "नवी दिसते."

तेच वाईट होतं. अकरा वर्षांची गाडी, दारं चेपलेली, पत्रा उन्हाने विटलेला, आणि काचा मात्र दुकानातून काल आणल्यासारख्या. ज्याने आयुष्यात गाडी हातात धरली नाही, तोही विचारील की हे का. अकेंतेन तर टॅक्सीवाला. द्वोमो टपरीच्या पायरीवर बसला आणि पहिल्यांदा त्याला आपल्या कामाचं हसू आलं. चरे काढून काढून त्याने गाडी अशी निर्मळ केली होती की तिच्याइतकी संशयास्पद वस्तू साऱ्या कुमासीत नव्हती. आता तिच्यावर चरे हवे होते. थोडे, एकाच हाताचे, घरच्या माणसाचे.

ते काम त्याने गुरुवारी संध्याकाळी केलं. रस्त्यावरची धूळ मूठभर घेतली, जुनं मऊ फडकं घेतलं. उजव्या हाताने सुरुवात करणार तोच अफ्राकोमाने त्याचं मनगट धरलं.

"तसं नाही, मास्टर. त्यांच्यासारखं."

"कुणाला कळतं काय?"

"मला कळेल."

म्हणून त्याने फडकं डाव्या हातात घेतलं. पहिल्या दोन कमानी थरथरल्या. डावा हात म्हणजे त्याच्या अंगाला लावलेलं दुसऱ्या कुणाचं तरी मांस. त्याला काही येत नव्हतं, शिकवलंच नव्हतं. धूळ काचेवर कुरकुरली, तो आवाज दातांत गेला. ज्या आवाजाशी त्याने जन्मभर वैर केलं तो आता तोच काढत होता, आणि एका मेलेल्या माणसाचा हात चोरून. पाचव्या-सहाव्या कमानीला हात सैल झाला. खाली डाव्या कोपऱ्यातून उठायचं, अर्धं वळण घ्यायचं, उतरायचं. अफ्राकोमा शेजारी उभी राहून सांगत होती: इतकं जोरात नाही, ते थांबायचे मध्ये, आता पुन्हा. तिचे डोळे भरून आले होते आणि नाक वाहत होतं, ते ती मनगटाने पुसत होती. द्वोमोला ते बघवत नव्हतं आणि थांबवतही नव्हतं. तासाभराने काचा अकरा वर्षांच्या झाल्या. उन्हाच्या शेवटच्या तिरिपेत त्या कमानी उजळल्या, इतक्या हुबेहूब की काढून टाकलेल्या खऱ्या परत आल्यासारख्या वाटल्या. तिला त्याने सांगितलं नाही की खऱ्या आत होत्या आणि त्याने त्या घासून टाकल्या.

शुक्रवारी अकेंतेन आला. चाळिशीचा, गळ्यात जाड साखळी, टपरीत शिरताच बोकडाच्या धुराने नाक मुरडणारा. गाडी तेव्हा अफ्राकोमा घेऊन गेली होती. अकेंतेनला तिथल्या कामाचं काही ठाऊक नव्हतं. काचेवाला म्हणून द्वोमोचं नाव ऐकून तो आला होता. उद्या सकाळी आमच्या घरी ये, त्याने सांगितलं, वडीलधाऱ्यांसमोर एक गाडी बघ, धंद्याची की घरची ते सांग. तू म्हणतोस ते लोक मानतात. पुढे म्हणाला की माझ्या तीन टॅक्सी आहेत, त्यांच्या काचांची दशा तू बघशीलच, दर महिन्याला एकेक तुझ्याकडे. कुठलं उत्तर हवं हे तो बोलला नाही. तो अडाणी नव्हता. द्वोमो मनात म्हणाला, ये बाबा ये, तूच मला साक्षीला बोलावतोस यापेक्षा काय पाहिजे. ही चाल त्याला फार आवडली. रात्री तो नीट झोपला.

शनिवारी सकाळी घराच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सात-आठ म्हातारे, काळी-तांबडी वस्त्रं खांद्यावर. मध्ये नाना दोम्फे, मेलेल्याचा थोरला भाऊ, कुळाचा प्रमुख, ऐंशीच्या घरातला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. अफ्राकोमा भिंतीशी उभी. द्वोमोने उजवीकडून सुरुवात करून एकेकाशी हात मिळवला. म्हाताऱ्यांचे तळहात गार आणि कोरडे होते, पालीच्या पोटासारखे. मग त्याने गाडीला दोन फेऱ्या मारल्या, नख ओढलं, मान हलवली, जेवढा वेळ लावायला हवा तेवढा लावला आणि सांगितलं: गाडी घरची. एकच हात, एकच फडकं, मालकाचं. भाड्याच्या गाडीवर दहा हात दिसतात. अकेंतेनचा चेहरा उतरला. अफ्राकोमाने श्वास सोडला, तो त्याला इथपर्यंत ऐकू आला. त्या क्षणी द्वोमोला अंगातून काहीतरी घाण धुऊन गेल्यासारखं वाटलं, खरोखर, गुडघ्यांपर्यंत हलकं.

नाना दोम्फे काठी टेकत उठले. "दाखव," ते म्हणाले. "कसा पुसला, करून दाखव."

द्वोमोने खिशातून फडकं काढलं. एवढ्या म्हाताऱ्यांसमोर फडकं कुठल्या हातात धरायचं हा प्रश्नच नव्हता, उजव्यातच. त्याने हवेतल्या हवेत काचेवरून हात फिरवला, आणि हात कमानींना आडवा गेला. परत फिरवला. परत आडवा. म्हाताऱ्याने काचेला नाक लावलं, मोतीबिंदूच्या कडेने तिरपं बघितलं, बोट एका कमानीवरून सावकाश नेलं, खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत.

"हा डावा हात आहे," ते म्हणाले.

त्यांनी बोट काचेवरून उचललं.

"आमच्या आईच्या पोटी डावखुरं कुणी नाही. एक होता, त्याला मी बरा केला. याच हातांनी बांधायचो त्याला. सात वर्षांचा होईतो बरा झाला, मरेपर्यंत त्याने डाव्या हाताने माशी वारली नाही. विचारा कुणालाही." मग ते द्वोमोकडे वळले. "तू म्हणतोस ते बरोबर आहे, मास्टर. एकच हात आहे. तो माझ्या भावाचा नाही. ड्रायव्हर ठेवला होता. गाडी धंद्याची."

"बाबांचाच हात आहे तो," अफ्राकोमा म्हणाली. "ते डावखुरेच होते. रविवारी फाटक लावून डाव्या हाताने पुसायचे. तुम्हाला भिऊन लपवायचे, नाना. साठ वर्षं लपवलं त्यांनी."

म्हाताऱ्यांमध्ये जी हालचाल झाली तिला आवाज नव्हता. ताटात केस सापडल्यावर जेवणाऱ्यांत होते तशी. एकाने थुंकण्यासाठी तोंड बाजूला केलं. वर्षही नीट सरलं नाही आणि पोरगी बापाला, तो बोलू शकत नसताना, कुळासमोर डावखुरा म्हणते, गाडीसाठी. नानांचा खालचा ओठ थरथरत होता, रागाने, की आणखी कशाने, सांगता येत नव्हतं. त्यांनी द्वोमोकडे पाहिलं. या लोकांत बाहेरचा तो एकटाच, आणि काच वाचणारा. "मास्टर, तू सांग. माझा भाऊ डावखुरा होता का?"

द्वोमोला उत्तर ठाऊक होतं. साऱ्या अंगणात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरीने निदान खिडकीतून पाहिलं होतं, त्याने तर त्या माणसाची वळणं नखाखालून नेली होती. आतल्या काचांवर लिहिलेलं होतं, असं तो म्हणू शकला असता. मग त्यांनी आत बघितलं असतं, काचा कोऱ्या दिसल्या असत्या, आणि त्या कुणी कोऱ्या केल्या हा पुढचा प्रश्न. मग बाहेरचे चरे कुणाचे, हा त्यापुढचा. गाडी तर गेलीच असती. टपरीही गेली असती, नावही. गाडी दोन्हीकडून जातेच आहे, असं त्याने स्वतःला भराभर पटवलं. पण प्रश्न गाडीचा उरलाच नव्हता, प्रश्न एवढाच होता की ही मुलगी खोटारडी ठरते की नाही. ते समजायला त्याला पुरता एक श्वास मिळाला होता. अफ्राकोमा त्याच्याकडे बघत होती, मध्ये काच नव्हती. त्याच्या तोंडात लगद्याची खडूसारखी चव आली.

"नाना, मला माणसातलं कळत नाही," तो म्हणाला. "काचेतलं कळतं."

म्हातारे हसले. उत्तर त्यांना आवडलं, नम्र वाटलं.

पुढचं रीतीप्रमाणे झालं. गाडीची किल्ली अकेंतेनला. मेलेल्याचा अपमान झाला म्हणून अफ्राकोमाने गुडघ्यावर बसून क्षमा मागायची, दारूच्या दोन बाटल्या आणि एक मेंढी द्यायची. तिने गुडघे टेकले. काय बोलली ते द्वोमोला ऐकू आलं नाही, कारण तो अंगणाच्या फरशीवरची चीर बघत होता. मेंढी शेजारच्या वाड्यातून लगेच मिळाली. तिचे पैसे अफ्राकोमाने पदराची गाठ सोडून मोजले, त्यात भट्टीच्या चिल्लर नोटा होत्या, पीठ लागलेल्या. दारूची धार सोडली, मेंढी कापली, आणि बैठकीला जे जे बसले होते त्यांचे वाटे झाले. नानांचा मोठा, मग वयाप्रमाणे. द्वोमोने उठायचं बघितलं, तर अकेंतेनने त्याला खांद्याला धरून बसवला. साक्षीला आलेल्याचा वाटा असतोच, मास्टर, नाही म्हटलंस तर आमचा निवाडा तुला पटला नाही असा अर्थ होईल. काळ्या पिशवीत घालून त्यांनी त्याच्या हातात दिला. अफ्राकोमा तेव्हा अंगण झाडत होती. रक्तावर माती टाकून, रीतच ती, ज्याचा दंड त्याने जागा साफ करायची.

परतताना बसमध्ये पिशवी मांडीवर होती. मांस अजून कोमट होतं, पँटमधून लागत होतं, जिवंत काहीतरी मांडीवर झोपल्यासारखं. प्रत्येक खड्ड्याला ते हलायचं आणि द्वोमोच्या घशाशी आंबट पाणी यायचं. पिशवी सीटखाली सोडून उतरावं असं त्याने तीन थांब्यांवर ठरवलं. शेजारची बाई म्हणाली, कुणाकडे कार्य होतं वाटतं. तो हो म्हणाला. घरी बायकोने पिशवी उघडली, खूश झाली, आलं-मिरची वाटून रस्सा केला, आणि त्यात कसावा कुटून केलेल्या फुफूचे गोळे टाकून वाटी पुढ्यात ठेवली. द्वोमोने उजवा हात धुतला. पहिला घास त्याने डोळे मिटून गिळला. दुसरा उघड्या डोळ्यांनी. रस्सा चांगला झाला होता, हे त्याला अतिशय घाण वाटलं, आणि त्याने वाटी पुन्हा पुढे केली.

पुढल्या महिन्यापासून अकेंतेनच्या टॅक्सी येऊ लागल्या. आधी तीन, मग चार. नाना दोम्फेंना भाऊ परत मिळाला, जसा त्यांनी घडवला होता तसा. द्वोमोला कायमचं काम मिळालं आणि एक वेळचं मटण. मेंढीचे पैसे अफ्राकोमाने दिले होते.